देवाच्या वाट्याची वांगी

साजगट्ट्यात वाटे पाडायचे म्हटले की सोमारीला बोलावणं जायचं. पोंभुर्ण्याहून निघालेला डांबरी रस्ता जिथे कंटाळून थांबतो आणि सागवान सुरू होतं, तिथलं हे गाव. पावसाळ्यात वारुळांवर सात्या फुटल्या, तलावातली मासळी काढली, कुणाला मधाचं भलं मोठं पोळं लागलं, की माल आधी मोहाच्या झाडाखाली यायचा आणि मग सोमारी यायची. सात्या म्हणजे रानातली अळंबी. ती कुणालाही दिसो, गावाची असते. प्रत्येक घराला एक वाटा. घरात कुणी पोटुशी असेल तर पोटातल्याचा वेगळा. पाहुणा आला असेल तर त्याचाही, मग तो जावई असो की भांडी विकणारा. सोमारी तराजूला हात लावत नसे. पदर खोचून बसायची, पळसाच्या पानांवर ढीग मांडत जायची आणि शेवटचं पान भरलं की टोपलं रिकामं झालेलं असायचं. एवढ्या वर्षांत "माह्या वाट्यात कमी आलं" असं कुणी म्हटलं नव्हतं. याचा तिला अभिमान होता आणि तो ती झाकून ठेवत नसे. माणसाकडे मिरवायला काहीतरी असावं. कुणाकडे सोनं असतं, सोमारीकडे हात होता.

तिचा दुसरा अभिमान म्हणजे दीपाली, तिची लेक. पोरगी शेतीचं कॉलेज शिकली, चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला लागली आणि एक दिवस ती नोकरी सोडून बॅग घेऊन घरी आली. गावाने कपाळाला हात लावला. शिकलेली माणसं गावातून जातात, ही शिकून गावात आली. तालुक्याच्या शेती केंद्रातले प्रफुल्ल सर तिला ओळखत होते. त्यांनी तिला गावोगावच्या कामावर घेतलं. तिने बायकांचा गट केला आणि तणसावर, म्हणजे धानाच्या वाळल्या पेंढ्यावर, धिंगरी अळंबी लावायला शिकवलं. चांगली फुलं चांद्याच्या बाजारात जात. देठ, फाटकी, जून झालेली मागे उरत, आणि दीपालीचं डोकं त्या उरलेल्यातच अडकलं होतं. याचा अर्क काढून भाजीपाल्यावर मारला तर रोगाला आळा बसतो, असं ती कॉलेजात शिकली होती. आता ते साजगट्ट्याच्या मातीत करून बघायचं होतं.

देठ वाळवायचे, कुटायचे, मंद आचेवर उकळायचे, जुन्या सुती लुगड्यातून गाळायचे. उकळायचं काम सोमारीकडे आलं. पहिल्या दिवशी तिने हाताच्या सवयीने पातेल्यात मीठ-हळद टाकली आणि दीपालीने ते पातेलं तसंच चुलीवरून उतरवलं.

"माय, हे भाजी नाई आहे. झाडाचे पानं जळतीन मिठानं."

त्या दिवशी सगळ्या गटाने ते पाणी भातावर ओतून खाल्लं. वाया काही गेलं नाही.

अर्क तयार झाला, तशी गटातल्या गुणाबाईने सगळ्यांच्या मनातलं विचारलं. गुणाबाई म्हणजे गटाचं तोंड.

"हे पानी मारलं का रोग मरते का, पोरी?"

"नाई, मावशी. रोग मरत नाई याच्यानं."

"मंग कायले माराचं?"

दीपाली म्हणाली, "शिवारात वाघाचे पंजे उमटलेले दिसले तं तुमी काय करता?"

"शेळ्या आत बांधतो. पोराईले एकटं सोडत नाई. सरपनाले जावाचं असन तं चार जनी मिळून जातो."

"वाघ दिसला असते का तवा?"

"वाघ कायचा दिसते. पंजेच."

"मंग हा अर्क मंजे पंजे. रोग बी एक बुरशीच असते अन अळंबी बी बुरशीच्याच जातीची. झाडाच्या पानावर हे पानी पडलं का झाडाले वाटते, बुरशी शिवारात आली. ते आपलं दार लावून घेते, पानाची साल घट्ट करते, आतल्या आत औषध बनवून ठेवते. खरा रोग येते तवा झाड जागं असते."

"अन वाघ येऊन गेल्यावर पंजे दाखोले तं?"

"मंग काय उपेग? म्हनून तं रोग याच्या आधी माराचं. धडधाकट झाडाले."

बायकांना ते पटलं. वाघाच्या शेजारात राहणाऱ्या बाईला सावधपण वेगळं शिकवावं लागत नाही. लटारूला मात्र ते पटलं नाही. लटारूचं वावर सोमारीच्या वावराला पश्चिमेकडून लागून, पण गावाच्या शिवेबाहेर होतं. त्याची वांगी मूल गावच्या बाजारात नावाजलेली होती. मनाने तो वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हतं.

"धडधाकट मानसाले दवाखान्यात कोन नेते, सोमारीबाई?" तो बांधावरून म्हणाला. "तुमची पोरगी नेऊन राह्यली. आज वांग्याले काढा पाजते, उद्या बैलाले चष्मा लावन."

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. हीच गोष्ट नागपूरचा कुणी सुटाबुटातला सांगून गेला असता तर लटारूने चहा पाजून ऐकली असती. सोमारीने ते मनात ठेवलं.

प्रयोग सोमारीच्याच वावरात ठरला. पोळा झाल्यावर वांग्याची रोपं लागली आणि आधी सुकलूचं काम झालं. सुकलू हा सोमारीचा नवरा आणि गावाचा भुमक, म्हणजे देवाचं बघणारा. रोपं लागली की प्रत्येक ओळीतलं पूर्वेकडचं पहिलं झाड देवाचं. त्याला सुकलू पांढरा धागा बांधायचा. पुढे नव्याचा पंडुम होतो. नवं फळ आधी देवाला दाखवून मग घरात खायचं, असा तो सण; बाजारात न्यायला मात्र आडकाठी नसते. तोवर धाग्याच्या झाडाला विळा लावायचा नाही, फळ तोडायचं नाही आणि औषधाचा थेंब पडू द्यायचा नाही. देवाच्या तोंडात औषधाचा वास जाऊ नये. दीपाली कितीही शिकली तरी याच घरची. फवारताना धाग्याचं झाड आलं की तिचा हात आपोआप थांबायचा. तिला त्यात अडचणही नव्हती, कारण प्रयोगात कडेची झाडं मोजत नाहीत. त्यांना ऊन-वारा वेगळा लागतो. देवाचं आणि विज्ञानाचं इथे न भांडता जमलं.

जमलं नाही ते सोमारीचं.

पहिल्या फवारणीला ती बांधावर उभी होती. दीपालीने एका ओळीला अर्क मारला. मग पंप धुतला, विहिरीचं साधं पाणी भरलं आणि शेजारच्या ओळीला ते मारलं. मग पुन्हा एका ओळीला अर्क, पुन्हा एका ओळीला पाणी.

"त्याईले काऊन पानी?" सोमारीने विचारलं.

"त्या ओळी वगळल्या, माय. त्याईले अर्क द्याचा नाई."

"काऊन? संपला का? घरी अजून पातेलंभर आहे."

"संपला नाई. मुद्दाम वगळल्या. करपा आला, अन ह्या बिनअर्काच्या ओळी करपल्या अन अर्काच्या राह्यल्या, तवाच तं कळन ना का अर्कानं काम केलं."

सोमारीने ते मनात उलटंपालटं करून पाहिलं. "मंजे ते करपतीन हे तुले आताच माहीत आहे. अन तू उभी राहून पाहशीन?"

"हो. अन किती पानं करपले ते मोजीन बी."

घरी जाताना सोमारीच्या डोळ्यांपुढून ती ओळ हलेना. पंगत बसवायची, एकाच्या पानावर मटण वाढायचं आणि त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेल्याला पाण्याचा पेला द्यायचा, हे कुठल्या जातीचं जेवण? बरं, रोपं तरी कुणाची? एकाच वाफ्यातली, तिनेच वाढवलेली. सख्खी भावंडं.

दुसऱ्या दिवशी दीपाली केंद्राच्या कामाने पोंभुर्ण्याला गेली. सोमारीने उरलेला अर्क बादलीत ओतला, आंब्याची डहाळी मोडून घेतली आणि वगळलेल्या ओळींवरून शिंपडत निघाली. देवळात पाणी शिंपडतात तसं, पानाच्या वरून आणि खालून. पूर्वेच्या टोकाला धाग्याची झाडं आली तशी ती थांबली, हात जोडले आणि वळली. काम संपलं तेव्हा बादली रिकामी होती आणि मन भरलेलं होतं. आता वाटा बरोबर झाला. पुढे दीपालीने जेव्हा जेव्हा फवारलं, तेव्हा तेव्हा सोमारीने मागून आपली बादली फिरवली. आपण काही बिघडवतो आहोत हे तिच्या मनालाही शिवलं नाही. लेकीने हात लावू नको असं सांगितलं नव्हतं, कारण सांगायची गरज पडेल असं तिलाही वाटलं नव्हतं.

दिवाळीच्या आसपास आभाळ भरून आलं. पाऊस धड पडेना, ऊन धड पडेना, पानं सकाळची ओली ती दुपारपर्यंत ओलीच. करप्याला याहून चांगलं आमंत्रण नसतं. लटारूच्या वावरात आधी तपकिरी ठिपके आले, मग ठिपक्यांचे डाग झाले, मग पानं गळायला लागली आणि वांगी देठाकडून सडायला लागली. त्याने महागाची औषधं आणून मारली, पण रोग पुढे आणि लटारू मागे अशी शर्यत चालली. आणि त्याच्या बांधाला लागून सोमारीचं वावर हिरवंगार उभं. सोमारी रोज बांधावरून मुद्दाम सावकाश चालायची. लटारूची जीभ त्या दिवसांत थकलेली होती.

एकच गोष्ट तिला खुपत होती. पूर्वेच्या टोकाची देवाची झाडं करपली होती. सुकलूनेही ती पाहिली होती, पण देवाचं देव बघेल म्हणून तो गप्प राहिला. दीपालीनेही पाहिली होती, पण ती पडली कडेची झाडं, मोजणीबाहेरची. सोमारीला वाटलं, सेवेत आपल्याकडून काही चुकलं असावं. ती ते कुणाला बोलली नाही.

मग दीपालीची मोजणी झाली. दुपारी सोमारी भाकर घेऊन वावरात गेली तेव्हा लेक बांधावर बसली होती. भाकरीकडे तिने पाहिलं नाही.

"माय, काईच फरक नाई."

"कायचा फरक?"

"अर्काच्या ओळीत अन पान्याच्या ओळीत. दोनी सारख्याच हिरव्या आहे."

"मंग चांगलंच आहे ना? एकबी मेलं नाई."

"चांगलं नाई, माय." दीपालीचा आवाज फुटला. "बिनअर्काचे झाडं बी वाचले मंजे अर्काची गरजच नव्हती. उद्या सर येतीन, आजूबाजूचे शेतकरी येतीन. त्याईच्या समोर मले उभं राहून सांगा लागन का हे काम करत नाई. केंद्र हा प्रयोग बंद करन. अन लटारूकाका हासतीन ते वेगळं."

सोमारीच्या हातातला डबा तसाच राहिला. तिला सगळं एकदम दिसलं. बादली दिसली, आंब्याची डहाळी दिसली, वगळलेल्या ओळींची ओली पानं दिसली. पोरीने नोकरी सोडून जे उभं केलं होतं ते तिने स्वतःच्या हाताने सपाट केलं होतं, आणि तेही मायेने. तिने तोंड उघडलं, पण तेवढ्यात गुणाबाई बांधावरून हाक मारत आली की उद्याच्या चहासाठी दूध कुणाकडून घ्यायचं, आणि शब्द घशातच राहिला. खरं सांगायचं तर गुणाबाई आली नसती तरी तो निघाला असता की नाही, शंकाच आहे. ज्या हाताला आजवर कुणी नाव ठेवलं नाही, त्याच हाताने घात केला हे बोलायला जीभ लवकर वळत नाही. आणि एकदा ते गावाला कळलं की मोहाच्या झाडाखाली सोमारीला कोण बोलावणार?

दुसऱ्या दिवशी वावरात माणूस मावेना. प्रफुल्ल सर आले, शेजारच्या गावांचे शेतकरी आले, गटाच्या बाया नटून आल्या. लटारू मागे, हाताची घडी घालून उभा राहिला. दीपालीने अर्क कसा काढतात ते सांगितलं, वाघाच्या पंजांची गोष्ट सांगितली, लोक माना डोलवत होते. मग ती ओळींकडे वळली. तिने आवाज पडू दिला नाही, हे सोमारीने पाहिलं.

"पण या वावरात आम्हाला दोन्ही ओळींमध्ये फरक मिळाला नाही," दीपाली म्हणाली. "जे दिसलं ते मी सांगते आहे. या अर्काचा उपयोग होतो असं आज म्हणता येत नाही."

कुणीतरी मागे खाकरलं. पोरगी खोटं बोलू शकली असती. दोन पानं कमी-जास्त सांगितली असती तर कुणाला कळणार होतं? ती खोटं बोलली नाही. सोमारीला वाटलं, हिच्याएवढं धैर्य आपल्यात नसेल तर ही आपल्या पोटची कशी म्हणावी?

"थांबा जी, सर," ती म्हणाली आणि पुढे आली. "पोरीचं चुकलं नाई. वगळलेल्या ओळीले मी देल्लं."

"काय दिलं?" सरांनी विचारलं.

"अर्क. ती पोंभुर्ण्याले जाये, मी मागून बादली घेऊन ये. जितक्या खेपा तिनं मारलं, तितक्या खेपा मी देल्लं. एकाले देऊन एकाले उपाशी ठेवनं मले झालं नाई. मी वाटे पाडनारी बाई आहो जी. आजवर माह्या हातून कोनी सुटलं नाई, म्हनून हेबी सुटू देल्लं नाई. याच्यात पोरीची मेहनत गेली. दोष लावाचा तं मले लावा."

दीपाली आईकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग होता, मग तो कुठे गेला ते तिलाही कळलं नाही. सरांनी कपाळ चोळलं.

"सोमारीबाई, तुम्ही खरं सांगितलंत ते बरं केलंत," ते म्हणाले. "पण आता तुलना करायला आपल्याकडे बिनअर्काचं झाडच उरलं नाही."

लटारूला एवढी संधी पुरे होती. "समदं वाटून टाकलं का, बाई? बिनअर्काचं एकबी झाड ठेवलं नाई?"

"ठेवले ना," सोमारी सरळपणे म्हणाली. "देवाचे ठेवले. देवाच्या झाडाले कोन हात लावते?"

दीपालीची मान झटकन पूर्वेकडे वळली. ती चालायला लागली, मग पळायलाच लागली. तिच्या मागे सर, सरांच्या मागे सगळे. वावराच्या पूर्वेच्या टोकाला पांढऱ्या धाग्यांची एक सरळ रांग होती, आणि धाग्याधाग्याला एक करपलेलं झाड. पानं तपकिरी, अर्धी गळालेली, वांगी डागाळलेली. आणि हाताच्या अंतरावर, त्याच ओळीतलं दुसरं झाड हिरवंगार.

"माय, याईले कदीच काई पडलं नाई ना? तुह्या हातून, बाच्या हातून?"

"नाई वो. थेंब नाई."

सरांनी खाली बसून पान उलटंसुलटं करून पाहिलं. "कडेची आहेत," ते सावधपणे म्हणाले. "कडेला रोग जास्त येतोच. एवढ्यावरून मी मान हलवणार नाही."

तेव्हा पुढे आला तो लटारू. हे कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं, बहुधा त्याच्याही.

"कड तं दोनीकडं आहे ना, सर? रोग माह्या वावरातून आला. मी पश्चिमेले. माह्या बांधाले चिकटून याईची जे कड आहे ते जाऊन पाहा, तिथं झाडं हासून राह्यले. अन माह्यापासून सगळ्यात दूर जे कड, तेच करपली. मंग रोग काय मधातल्या झाडाईवरून उडी मारून गेला का?" त्याने आपल्या वावराकडे बोट केलं. "माहे वांगे सडले म्हनून माहे डोळे नाई सडले."

सर उठले आणि पश्चिमेच्या टोकापर्यंत चालत गेले. तिथे धागा नव्हता आणि करपाही नावालाच. ते परत आले तेव्हा हसत होते. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं गुणाबाई मोठ्याने म्हणाली आणि बाया हसल्या.

"हे कागदावर टिकणार नाही," सर दीपालीला म्हणाले. "पण पुढचा हंगाम मागायला मला एवढं पुरेसं आहे. एकाच वावरात नको, अनेक वावरांत करू. मात्र प्रत्येक वावरात एक ओळ खरोखर वगळलेली राहिली पाहिजे. तिची हमी कोण घेणार?"

सगळ्यांच्या नजरा सोमारीकडे गेल्या. ती लाजली नाही. तिने सुकलूकडे पाहिलं, सुकलूने तिच्याकडे. एवढी वर्षं संसार केलेल्यांना तेवढं पुरतं.

"आतापर्यंत ओळीत देवाचं एकच झाड होतं," सोमारी म्हणाली. "पुढं पुरी ओळ देवाची करू. धागा बांधला का मी काय, गावातलं कोनीच तिले शिवनार नाई. ढोरबी शिवनार नाई."

सुकलूने मान हलवली. भुमकाने मान हलवली की गावात ती गोष्ट ठरली.

रात्री जेवताना दीपालीने आपल्या ताटातली अर्धी भाकर आईच्या ताटात ठेवली, आणि सोमारीने ती परत अर्धी करून लेकीला दिली. त्यांच्यातलं भांडण आणि समेट एवढ्यात आटोपलं.

पुढच्या हंगामात साजगट्ट्यात आणि आजूबाजूच्या टोल्यांत, म्हणजे वाड्यांत, जिथे जिथे वांगी लागली, तिथे तिथे सोमारीला बोलावणं आलं. वाटे पाडायचंच काम होतं, फक्त पळसाच्या पानांवरचं वावरात आलं होतं. कुठली ओळ देवाची, हे ती उभं राहून, ऊन-वारा-उतार बघून ठरवायची. दीपालीने तिला शिकवलं होतं की ओळ कडेची नको, चांगल्या जमिनीतली नको, वाईटातली नको, मधली हवी. सोमारीला ते शिकवायला फार वेळ लागला नाही. न्यायाने वाटा पाडायचा म्हणजे तेच. मग सुकलू धागा बांधायचा आणि गटाच्या बाया बाकीच्या ओळींवर अर्क मारायच्या. या खेपेला मिठाशिवाय.

एका सकाळी दारात लटारू उभा राहिला. टोपी हातात घेऊन.

"सोमारीबाई, माह्या वावरातलीबी देवाची ओळ पाडून द्या. तुमच्याच हातानं."

"धडधाकट झाडाले औषध देता का मंग, लटारूभाऊ?" दीपालीने आतून विचारलं.

"देतो, पोरी. अन बैलाचा चष्माबी सांगून ठेव."

आभाळ यंदाही भरून आलं आणि करपा यंदाही आला. सोमारीला या वेळी खरी परीक्षा द्यावी लागली. देवाच्या ओळी डोळ्यांदेखत तपकिरी होत गेल्या, आणि बादली ओसरीत भरलेली असूनही तिने ती उचलली नाही. दीपाली आणि सर एकेका वावरात बसून पानं मोजत गेले. अर्काच्या ओळींवर अजिबात रोग नव्हता असं नाही. ठिपके तिथेही होते. पण झाडं उभी होती, पानं टिकली होती, वांगी बाजारात जात होती. देवाची ओळ मात्र लांबूनच ओळखू यायची. वावरामागून वावर तेच. शेवटच्या वावरातली मोजणी झाली तेव्हा दीपाली उठली, पाठ सरळ केली आणि गर्दीतून आईला शोधलं.

"माय, झालं. काम करते हे."

"मले माहीत होतं," सोमारी म्हणाली. आणि मग, खरं तेच सांगावं म्हणून, "आता जास्त माहीत झालं."

पंडुमाच्या दिवशी सुकलू देवाच्या ठाण्याशी बसला होता. समोर टोपल्यात सगळ्या गावच्या देवाच्या ओळींची वांगी: थोडी, खुरटी, डागांची. तो ती हातात घेऊन पाहत राहिला. देवाला चांगलं ते द्यायचं, अशी रीत. आणि या खेपेला चांगलं सारं माणसांच्या वाट्याला गेलं होतं. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

सोमारी पुढे आली. तिने पदर खोचला, ठाण्यासमोर पळसाची पानं अंथरली आणि टोपल्यातली वांगी मोठ्या पाटीत ओतून ती मधोमध ठेवली.

"देवानं यंदा रोग आपल्या वाट्याले घेतला," ती म्हणाली. "म्हनून आपल्याले कळलं का बाकीचं काऊन वाचलं. ज्यानं आपला घास सोडला, त्याले सगळ्याईनं द्याचा. घरटी आपल्या ओळीतलं चांगल्यात चांगलं वांगं आना."

घराघरातून वांगी आली. गुणाबाईने आणलं, प्रफुल्ल सरांनी केंद्रातल्या वाफ्यातलं आणलं, दीपालीने आणलं. लटारूचं वावर शिवेबाहेरचं, तरी तो सगळ्यांत मोठं जांभळं वांगं धोतराच्या सोग्यात गुंडाळून घेऊन आला आणि पाटीच्या अगदी वर ठेवलं. डागाची वांगी तळाला गेली आणि चमकदार वांग्यांचा ढीग त्यांच्यावर चढत गेला.

"पाह्य वो, सोमारी," गुणाबाई म्हणाली, "देवाच्या वाट्यात कमी तं नाई आलं?"

सोमारीने ढिगाभोवती एक फेरी मारली, एक वांगं नीट केलं आणि मागे सरकली.

"नाई," ती म्हणाली. त्या वर्षी साजगट्ट्यात सगळ्यांत मोठा वाटा देवाचा होता, आणि तो तिच्याच हातचा होता.